मेजर टेलर : कोंडी फोडणारा जगज्जेता

मार्शल वॉल्टर टेलर ऊर्फ ‘मेजर’ टेलर (२६ नोव्हेंबर १८७८ – २१ जून १९३२) हे अमेरिकेचे व्यावसायिक सायकलपटू आणि ट्रॅकवरील स्प्रिंट या अल्प पल्ल्याच्या वेगशर्यतीचे १८९९ सालचे जगज्जेते. सायकलिंगमध्ये विश्वविजेतेपद मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू होत. सर्व खेळ विचारात घेतले तर कॅनडात जन्मलेले मुष्टियोद्धे जॉर्ज डिक्सन यांच्यानंतर टेलर यांचे नाव घेतले जाते. जॅक जॉन्सन यांनी मुष्टियुद्धातील हेवीवेट गटाचे जगज्जेतेपद १९०८ मध्ये मिळवले, जेसी ओवेन्स बर्लिन ऑलिंपिकमध्ये १९३६ साली धावले आणि जॅकी रॉबिन्सन अमेरिकेच्या मुख्य बेसबॉल स्पर्धेत १९४७ साली उतरले. या सर्वांच्या आधी टेलर मैदानात होते, आणि ज्या खेळात ते होते तो त्या काळी अमेरिकेतील सर्वाधिक गर्दी खेचणाऱ्या खेळांपैकी एक होता.

टेलर यांच्या कारकिर्दीचे वैशिष्ट्य केवळ वेगात नाही. एकदा मिळवलेले श्रेष्ठत्व इतर विजेत्यांच्या बाबतीत मान्य होत असे. टेलर यांना मात्र ते पुन्हा पुन्हा सिद्ध करावे लागले. संघटना, संयोजक आणि प्रतिस्पर्धी यांनी वेळोवेळी त्यांची वाट अडवली. जिथे एकास एक अशी सरळ लढत मिळाली, तिथे बहुतेकदा त्यांनी निकाल आपल्या बाजूने लावला. त्यांचे चरित्र समजून घ्यायचे तर हा फरक आधी ध्यानात घ्यावा लागतो.

बालपण आणि ‘मेजर’ हे नाव

टेलर यांचा जन्म इंडियाना राज्यातील इंडियानापोलिस येथे झाला. आईवडील गिल्बर्ट आणि सॅफ्रोनिया केंटकी राज्यातून तेथे स्थलांतरित झाले होते. आठ भावंडांचे हे कुटुंब. वडिलांनी अमेरिकी यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लष्करी सेवा केली होती. पुढे ते साउथर्ड नावाच्या श्रीमंत गोऱ्या कुटुंबाकडे घोडागाडी हाकण्याचे काम करू लागले.

महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध केला आणि काळ्या लोकांच्या दास्यमुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना तो अर्पण केला, हे मराठी वाचकांना ठाऊक आहे. टेलर यांचा जन्म त्यानंतर पाच वर्षांनी झाला. कायद्याने आलेले स्वातंत्र्य रोजच्या व्यवहारात कुठवर पोचले आणि कुठे अडले, याचे जणू मोजमाप त्यांच्या आयुष्यात सापडते.

साउथर्ड यांचा मुलगा डॅनियल हा लहान मार्शलच्याच वयाचा. त्याला सोबती म्हणून मार्शल त्या घरी राहू लागला. साधारण आठव्या वर्षापासून काही वर्षे त्याला त्या घरात डॅनियलसारखेच कपडे, खेळणी आणि शिकवणी मिळाली, सायकलही मिळाली. मैदानात मुलांबरोबर तो बरोबरीने खेळे. पण शहरातील वायएमसीएच्या व्यायामशाळेत त्या मित्रांना प्रवेश होता, त्याला नव्हता. आपल्या कातडीच्या रंगाचा अर्थ आपल्याला तेथे प्रथम उमगला, असे टेलर यांनी पुढे आत्मचरित्रात नमूद केले आहे. साउथर्ड कुटुंब शिकागोला गेले तेव्हा मार्शल आईवडिलांकडे परतला आणि सायकलवरून वर्तमानपत्रे टाकू लागला.

सायकलवरच्या कसरती तो स्वतःच शिकला होता. त्या पाहून ‘हे अँड विलिट्स’ या सायकलच्या दुकानाने त्याला कामावर घेतले. दुकान झाडायचे आणि दुपारी दारासमोर कसरती करून गिऱ्हाइके गोळा करायची, असे ते काम होते. आठवड्याला सहा डॉलर पगार आणि वर एक सायकल. कसरतींच्या वेळी तो लष्करी धाटणीचा गणवेश घालत असे. त्यावरून लोक त्याला ‘मेजर’ म्हणू लागले आणि तेच नाव जन्मभर राहिले. याच दुकानाने भरवलेल्या दहा मैलांच्या रस्ताशर्यतीत मालकाने त्याला निव्वळ प्रेक्षकांची करमणूक म्हणून उभे केले. त्या पोरगेल्या स्पर्धकाने शर्यत जिंकून सुवर्णपदक घरी नेले.

सायकलचा सुवर्णकाळ

टेलर ज्या दशकात वयात आले ते सायकलचे दशक होते. प्रचंड पुढचे चाक आणि चिमुकले मागचे चाक असलेली उंच सायकल मागे पडून दोन्ही चाके सारखी असलेली सायकल १८८५ च्या सुमारास बाजारात आली. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले. या दोन सुधारणांनी सायकल सुरक्षित झाली आणि वेगवानही. मोटारगाडी अद्याप रस्त्यावर रुळली नव्हती. मनुष्याने स्वतःच्या बळावर गाठलेला सर्वाधिक वेग सायकलवरच पाहायला मिळे. शहरोशहरी लाकडी किंवा सिमेंटचे ट्रॅक उभे राहिले आणि व्यावसायिक सायकलपटूंची कमाई इतर बहुतेक खेळाडूंना हेवा वाटावा इतकी वाढली. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १८९३ मध्ये शिकागोत झाली. तेथील स्प्रिंटचे विजेते आर्थर झिमरमन हे टेलर यांचे आदर्श होते.

याच काळात टेलर यांना लुई मंगर भेटले. उंच सायकलच्या जमान्यातील हे नामांकित शर्यतपटू आता सायकलींचे कारखानदार झाले होते. त्यांनी या मुलाला आधी हरकाम्या म्हणून ठेवले आणि मग शिष्य म्हणून घडवले. आहार, झोप, सराव आणि शर्यतीतील डावपेच यांची शिस्त टेलर यांना मंगर यांच्याकडून मिळाली. दारू आणि तंबाखूपासून ते कायम दूर राहिले.

जून १८९५ मध्ये इंडियानापोलिस ते मॅथ्यूज अशी ७५ मैलांची, म्हणजे सुमारे १२० किलोमीटरची रस्ताशर्यत झाली. इतर स्पर्धक हुज्जत घालतील म्हणून टेलर यांचा सहभाग शेवटपर्यंत गुप्त ठेवण्यात आला. वाटेत त्यांना धमक्या मिळाल्या. त्या ऐकून ते मागे राहिले नाहीत, उलट एकटेच पुढे निघून गेले. मुसळधार पावसात शर्यत पूर्ण करणारे ते एकमेव स्पर्धक ठरले. पुढच्या वर्षी मंगर यांनी त्यांना केवळ गोऱ्यांसाठी असलेल्या कॅपिटल सिटी ट्रॅकवर वेळ लावून धाववले. त्यांनी तेथील प्रस्थापित विक्रमाहून कमी वेळ नोंदवली. ती अधिकृत मानली गेली नाही, आणि त्या ट्रॅकचे दरवाजे मात्र त्यांना बंद झाले.

त्याआधीच, १८९५ च्या उत्तरार्धात, मंगर यांनी आपला व्यवसाय मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर येथे हलवला आणि टेलर यांना सोबत नेले. तेथील वायएमसीएच्या व्यायामशाळेत त्यांना विनातक्रार प्रवेश मिळाला. शहरातील जॉर्ज स्ट्रीट हा खडा चढ त्यांच्या सरावाची जागा बनला. ‘वूस्टरचे वादळ’ या अर्थाचे टोपणनाव त्यांना पुढे मिळाले ते या गावावरून.

स्प्रिंट म्हणजे काय?

स्प्रिंट ही दिसायला सोपी आणि खेळायला अवघड शर्यत आहे. ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतात आणि मागचे चाक पायडलांशी पक्के जोडलेले असते. चाक फिरते तोवर पाय फिरतातच. वेग वाढला की सायकलस्वाराची बहुतेक ताकद समोरची हवा कापण्यात खर्च होते. म्हणून जो पुढच्याच्या अगदी पाठीशी राहतो, त्याला वाऱ्याचा आडोसा मिळतो आणि शेवटच्या क्षणी झेप घेण्यासाठी त्याची शक्ती शिल्लक राहते. परिणामी सुरुवातीला दोघेही पुढे जायला नाखूश असतात. कधी कधी ते जागच्या जागी सायकल तोलून उभे राहतात आणि एकमेकांच्या चुकीची वाट पाहतात. अखेरच्या दोनशे मीटरमध्ये खरी शर्यत घडते.

दोघांचीच लढत असेल तर हा वेग आणि डोके यांचा सामना असतो. पण टेलर यांच्या काळात अमेरिकेतील अनेक शर्यतींत एकाच वेळी चार-पाच किंवा अधिक स्पर्धक उतरत. अशा वेळी दोघातिघांनी संगनमत केले तर कितीही वेगवान माणसाला रोखता येते. एक जण पुढे राहून वेग मंदावतो, दुसरा बाहेरच्या बाजूने खेटून चालतो, तिसरा मागे लागतो. आत सापडलेल्याला ट्रॅकची आतली कड आणि या भिंती यांच्यामध्ये वाटच उरत नाही. ही कोंडी टेलर यांच्या वाट्याला सातत्याने आली. बक्षिसाची रक्कम आपसात वाटून घेण्याच्या बोलीवर गोरे स्पर्धक त्यांच्याविरुद्ध एकत्र येत.

त्यावर त्यांनी दोन उपाय शोधले. पहिला म्हणजे सुरुवातीपासूनच पुढे राहणे आणि कोंडी होऊच न देणे. त्यात वाऱ्याचा सारा मार स्वतः सोसावा लागे. दुसरा म्हणजे दोन सायकलींमध्ये क्षणभर उघडणारी फट ओळखून तिच्यातून निसटणे. यासाठी लागणारा तोल त्यांच्याकडे दुकानासमोरच्या कसरतींच्या दिवसांपासून होता. हँडल पुढे आणि खाली नेणारा जोड ते वापरत. त्यामुळे पाठ जवळजवळ आडवी राही, डोके स्थिर असे आणि हालचाल केवळ पायांत दिसे. अशा पुढे सरकवलेल्या जोडाला जुन्या सायकलींचे जाणकार आजही टेलर यांच्या नावाने ओळखतात.

बंदी, धमक्या आणि मारहाण

अमेरिकेतील सायकलशर्यतींचे नियंत्रण तेव्हा ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमन’ या संघटनेकडे होते. तिने १८९४ मध्ये घटनादुरुस्ती करून सदस्यत्व केवळ गोऱ्यांपुरते मर्यादित केले. उत्तरेकडील राज्यांत व्यावसायिक म्हणून नोंदणी करून शर्यतीत उतरता येत असे, त्यामुळे टेलर यांना थोडी वाट मोकळी राहिली. सर्वोच्च न्यायालयाने ‘प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन’ खटल्यात वर्णानुसार वेगळ्या सोयींना मान्यता दिली ते १८९६ हेच साल टेलर यांच्या व्यावसायिक पदार्पणाचे आहे.

डिसेंबर १८९६ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अठरा वर्षांच्या टेलर यांनी पदार्पण केले. अर्ध्या मैलाच्या हँडिकॅप शर्यतीत, म्हणजे नवख्यांना थोडे पुढून सुरुवात करू देणाऱ्या शर्यतीत, त्यांनी एडी बाल्ड या नामवंत स्प्रिंटपटूला मागे टाकले. लगेच ते सहा दिवसांच्या अखंड शर्यतीत उतरले. एकट्याने, जमेल तितकी कमी झोप घेऊन, सहा दिवस गोल फिरत राहायचे असा हा अमानुष प्रकार होता. शेवटच्या दिवसांत, कोणी तरी सुरा घेऊन आपला पाठलाग करत आहे असा भास त्यांना होऊ लागला. तरीही १,७३२ मैल, म्हणजे सुमारे २,७८७ किलोमीटर अंतर कापून ते आठवे आले. टेडी हेल विजेते ठरले. एका सायकलस्वाराने दिवसाला बारा तासांहून अधिक काळ धावू नये असा कायदा न्यूयॉर्क राज्याने १८९८ मध्ये केला आणि त्यातून दोघादोघांच्या जोड्यांची शर्यत जन्मली. ‘मॅडिसन’ या नावाने ती आजही ऑलिंपिकमध्ये खेळली जाते. टेलर मात्र पुन्हा अशा लांब शर्यतींच्या मागे लागले नाहीत. त्यांनी स्प्रिंट हेच आपले क्षेत्र मानले.

१८९७ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या गुणतालिकेत ते वर होते. ही स्पर्धा गावोगावी फिरणारी होती. दक्षिणेकडील संयोजकांनी त्यांचे प्रवेशअर्ज नाकारताच त्यांची संधी संपली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मॅसॅच्युसेट्समधील टाँटन येथे एक मैलाची शर्यत संपल्यावर विल्यम बेकर नावाच्या स्पर्धकाने त्यांना सायकलवरून खाली खेचले आणि बेशुद्ध होईपर्यंत त्यांचा गळा दाबला. पोलिसांना मध्ये पडावे लागले. बेकर याला पन्नास डॉलर दंड झाला. १८९८ च्या आरंभी सरावासाठी टेलर जॉर्जिया राज्यातील सव्हाना येथे गेले असता गाव सोडण्याची धमकी देणारे पत्र त्यांच्या हाती पडले आणि त्यांना परतावे लागले.

ही हकिगत वाचताना एक गोष्ट विसरू नये. टेलर यांनी या कशालाही हाताने उत्तर दिले नाही. आपण एकदा हात उचलला तर पुढच्या कृष्णवर्णीय खेळाडूलाही दार बंद होईल, याची त्यांना जाणीव होती. त्यांचा संयम भिडस्तपणातून आलेला नव्हता, तो विचारपूर्वक पत्करलेला होता, आणि त्याची किंमत त्यांच्या प्रकृतीने पुढे मोजली.

माँट्रियल, १८९९

१८९८ मध्ये टेलर यांनी मॅनहॅटन बीच येथील ट्रॅकवर वेल्सचे प्रसिद्ध सायकलपटू जिमी मायकल यांना हरवले. त्या आणि पुढच्या वर्षात पाव मैलापासून दोन मैलांपर्यंतच्या अंतरांचे अनेक जागतिक विक्रम त्यांच्या नावावर लागले. १० ऑगस्ट १८९९ रोजी कॅनडातील माँट्रियल येथे व्यावसायिकांच्या एक मैल स्प्रिंटची अंतिम शर्यत झाली. बोस्टनचे टॉम बटलर यांना मागे टाकून टेलर विश्वविजेते झाले. परदेशी भूमीवर आपल्या विजयासाठी अमेरिकेचे राष्ट्रगीत वाजले, तेव्हा आपण अमेरिकी असल्याचा अभिमान इतक्या उत्कटतेने कधी वाटला नव्हता, असे त्यांनी पुढे लिहिले. ज्या देशातील अनेक शहरांत त्यांना खोली मिळत नसे, त्या देशाचे ते गीत होते.

नोव्हेंबर १८९९ मध्ये त्यांनी शिकागो येथे, वाफेवर चालणाऱ्या वाहनाच्या आडोशाने, एक मैल अंतर १ मिनिट १९ सेकंदांत कापले. हा वेग ताशी ७३ किलोमीटरहून अधिक भरतो.

तरीही प्रश्न विचारले गेलेच. त्या वेळी अमेरिकेतील व्यावसायिक सायकलपटूंमध्ये फूट पडली होती. जुन्या संघटनेतून बाहेर पडून अनेकांनी नवी संघटना काढली होती आणि तिचे काही नामवंत खेळाडू माँट्रियलला आले नव्हते. तेव्हा हे अजिंक्यपद पूर्ण खरे नाही, असा सूर निघाला. नव्या संघटनेत टेलर यांना स्थान नको होते. बऱ्याच खटपटीनंतर आणि दंड भरल्यानंतर १९०० मध्ये त्यांना परत घेतले गेले. त्या वर्षी ते गुणांवर अमेरिकेचे स्प्रिंट विजेते झाले. वर्षअखेरीस मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, माँट्रियलला न आलेले टॉम कूपर समोरासमोरच्या लढतीत त्यांच्याकडून सरळ हरले. त्यानंतर त्या आक्षेपाला अर्थ उरला नाही.

वूस्टरमध्ये त्यांनी चांगल्या वस्तीत घर घेतले, तेव्हा काही शेजाऱ्यांनी जास्त पैसे देऊन ते परत विकत घेण्याचा प्रयत्न केला. टेलर यांनी घर सोडले नाही.

पॅरिसची लढत

युरोपातील संयोजक त्यांना काही काळ बोलावत होते. अडचण रविवारची होती. टेलर बॅप्टिस्ट पंथाचे श्रद्धाळू ख्रिस्ती होते आणि रविवारी शर्यतीत उतरत नसत. युरोपात मोठ्या शर्यती रविवारीच होत. मोठ्या रकमेचे प्रस्ताव त्यांनी या एका अटीपायी नाकारले. अखेर १९०१ मध्ये संयोजकांनी अट मान्य केली.

त्या दौऱ्यातील सर्वांत गाजलेली लढत एदमाँ जॅकलँ यांच्याशी झाली. जॅकलँ हे १९०० सालचे विश्वविजेते आणि फ्रेंच प्रेक्षकांचे लाडके. पॅरिसच्या पार्क दे प्रँस येथे १६ मे १९०१ रोजी, म्हणजे गुरुवारी आलेल्या ख्रिस्ती स्वर्गारोहण सणाच्या सुट्टीला, दोघे समोरासमोर आले. दिवस थंड होता. उष्ण हवेत खुलणारे टेलर दोन्ही डाव हरले. जिंकल्यावर जॅकलँ यांनी नाकाशी अंगठा धरून त्यांना वाकुल्या दाखवल्या.

फेरलढत २७ मे रोजी ठरली. तो सोमवारही सणाच्या सुट्टीचा होता. या वेळी हवा अनुकूल होती. टेलर यांनी दोन्ही डाव जिंकले, खिशातून अमेरिकेचा छोटा झेंडा काढला आणि तो फडकावत ट्रॅकला फेरी मारली. अपमानाला त्यांनी दिलेले एवढेच प्रत्युत्तर. या दौऱ्यात इतर देशांच्या अग्रगण्य स्प्रिंटपटूंनाही त्यांनी हरवले. पुढील वर्षीच्या दुसऱ्या युरोप दौऱ्यात ५७ पैकी ४० शर्यती त्यांनी जिंकल्या. युरोपात वर्णद्वेष नव्हताच असे नाही. पण तेथील रीत दोघा-तिघांच्या लढतीची होती, पंच कडक होते आणि लोक खेळ पाहायला येत. एवढ्या गोष्टी त्यांना पुरेशा होत्या.

ऑस्ट्रेलिया आणि थकवा

मार्च १९०२ मध्ये टेलर यांचा डेझी मॉरिस यांच्याशी विवाह झाला. त्या हिवाळ्यात ते ऑस्ट्रेलियाला गेले. गौरेतरांना देशात येण्यास आडकाठी करणारा कायदा ऑस्ट्रेलियाने १९०१ मध्येच केला होता. तरी सिडनी आणि मेलबर्न येथील प्रेक्षकांनी त्यांचे जंगी स्वागत केले. तेथे रविवारी शर्यती नसल्याने तीही अडचण नव्हती.

दुसऱ्या दौऱ्यात चित्र बदलले. फ्लॉइड मॅकफार्लंड आणि आयव्हर लॉसन हे अमेरिकेतील प्रतिस्पर्धी तेथे पोचले आणि त्यांच्याबरोबर कोंडीची जुनी रीतही आली. १९०४ च्या आरंभी मेलबर्नला लॉसन यांच्यामुळे झालेल्या अपघातात टेलर जबर जखमी झाले. लॉसन यांच्यावर निलंबनाची कारवाई झाली. लॉसन हेच त्या वर्षीचे विश्वविजेते ठरले. ११ मे १९०४ रोजी सिडनीत टेलर यांना कन्या झाली. तिचे नाव रिटा सिडनी ठेवले.

मायदेशी परतल्यावर शरीर आणि मन दोन्ही थकले. ते दोन वर्षांहून अधिक काळ शर्यतींपासून दूर राहिले. १९०७ मध्ये ते फ्रान्सला परतले, १९०८ मध्ये पॅरिसला पुन्हा विक्रम केले. पण पूर्वीचे सातत्य राहिले नाही. या अखेरच्या टप्प्यात रविवारचे बंधनही त्यांना सैल करावे लागले. १९०९ च्या शरद ऋतूत फ्रान्समधील रोआन येथे त्यांनी त्या वर्षीचे विश्वविजेते व्हिक्तोर द्युप्रे यांना हरवले. १९१० मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते निवृत्त झाले. १९१७ मध्ये नूअर्क येथे जुन्या खेळाडूंची हौशी शर्यत झाली, तीही त्यांनी जिंकली.

उतरता काळ

निवृत्तीच्या वेळी टेलर सुखवस्तू होते. अभियांत्रिकी शिकण्याची त्यांची इच्छा होती. परंतु शालान्त प्रमाणपत्र नसल्याने वूस्टरच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेश मिळाला नाही. मोटारगाड्यांच्या चाकांसाठी नवी रचना करून त्यांनी उद्योग काढला, तो बुडाला. इतर गुंतवणुकीही फसल्या. आजारपणे आली. घर, मालमत्ता आणि दागिने एकामागून एक विकावे लागले.

१९२० च्या दशकात त्यांनी आपले आत्मचरित्र लिहिले. ‘जगातील सर्वांत वेगवान सायकलस्वार’ असा त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ आहे. १९२८ मध्ये त्यांनी ते स्वखर्चाने छापले. त्यात शर्यतींचे तपशील, वर्तमानपत्रांतील कात्रणे आणि तरुणांसाठी उपदेश आहे. ज्यांनी त्रास दिला त्यांच्याविषयी मनात कटुता नाही, असेही त्यांनी नोंदवले आहे. मोटारगाडीने सायकलशर्यतींची लोकप्रियता तोवर गिळून टाकली होती. पुस्तक फारसे खपले नाही.

पत्नीपासून ते विभक्त झाले आणि शिकागोत जाऊन कृष्णवर्णीय वस्तीतील वायएमसीएच्या वसतिगृहात राहू लागले. तेथे ते दारोदार फिरून आपले पुस्तक विकत. १९३२ च्या वसंतात हृदयविकाराचा झटका आला. कुक काउंटी रुग्णालयाच्या धर्मादाय विभागात २१ जून १९३२ रोजी त्यांचे निधन झाले. वय ५३. माउंट ग्लेनवुड दफनभूमीतील निराधारांसाठी राखलेल्या भागात त्यांना पुरण्यात आले. थडग्यावर नावाचा दगडही नव्हता.

पुनर्स्मरण

मे १९४८ मध्ये काही जुन्या व्यावसायिक सायकलपटूंनी पुढाकार घेतला. सायकल उत्पादक फ्रँक श्विन यांनी खर्च उचलला. टेलर यांचे अवशेष त्याच दफनभूमीच्या दर्शनी भागात हलवून तेथे नामफलक बसवण्यात आला. ज्या इंडियानापोलिसने एकेकाळी त्यांना ट्रॅक बंद केला, तेथे १९८२ मध्ये ‘मेजर टेलर वेलोड्रोम’ उभा राहिला. १९८९ मध्ये अमेरिकेच्या सायकलिंग सन्मानदालनात त्यांचा समावेश झाला. १८९४ मध्ये कृष्णवर्णीयांना सदस्यत्व नाकारणाऱ्या संघटनेच्या वारसदार संस्थेने १९९९ मध्ये त्या निर्णयाबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. तोपर्यंत १०५ वर्षे उलटली होती. वूस्टरमध्ये सार्वजनिक ग्रंथालयाबाहेर २००८ मध्ये त्यांचे स्मारक झाले. सरावाचा तो चढ, जॉर्ज स्ट्रीट, सायकलने वेळ लावून चढण्याची शर्यत तेथे दरवर्षी होते. अमेरिकेच्या अनेक शहरांतील कृष्णवर्णीय सायकलस्वारांच्या मंडळांनी त्यांचे नाव धारण केले आहे.

मूल्यमापन

केवळ पदकांची संख्या मोजली तर टेलर यांच्याहून अधिक विश्वविजेतेपदे मिळवणारे स्प्रिंटपटू अनेक झाले. जपानचे कोइची नाकानो यांनी १९७७ ते १९८६ अशी सलग दहा वर्षे व्यावसायिक स्प्रिंट जिंकली. टेलर यांच्या नावावर एकच विश्वविजेतेपद आहे. याचे एक साधे कारण असे की अजिंक्यपदाच्या शर्यतींच्या अखेरच्या फेऱ्या युरोपात बहुधा रविवारी होत आणि ऐन भरातील टेलर रविवारी धावत नसत. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या शर्यतीत त्यांना कधी प्रवेश नाकारला गेला, कधी आत घेऊन कोंडले गेले. तेव्हा त्यांची नोंद वाचताना, जिंकलेल्या शर्यतींसोबत ज्या शर्यतींत त्यांना उतरूच दिले नाही त्यांचाही हिशोब धरणे न्याय्य ठरते.

त्यांच्या मोठेपणाचा भक्कम पुरावा समोरासमोरच्या लढतींत आहे. कूपर, जॅकलँ, आणि सरतेशेवटी द्युप्रे यांच्यासारखा विद्यमान जगज्जेता, असे त्या काळातील अग्रणी त्यांच्याकडून हरले. त्या लढतींत तिसरा कोणी नव्हता आणि संगनमताला जागा नव्हती. खेळाचे नियम सर्वांना सारखे असावेत एवढीच टेलर यांची मागणी होती. ती जिथे पुरी झाली तिथे काय घडले, हे त्या काळच्या निकालपत्रकांत नोंदलेले आहे.